पाळीव कोळ्यांच्या दमट पेटीतील बुरशी व कीड

वर्षावनातील मोठे कोळी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पेटीत पाळताना पेटीत ओल टिकवावी लागते. या ओलीबरोबर बुरशी, माइट, फोरिड माशी आणि क्वचित सूत्रकृमी यांचाही पेटीत शिरकाव होतो. या उपद्रवाचे मूळ बहुतेक वेळा केवळ ओलीत नसून कोंडलेल्या हवेत आणि न काढलेल्या उष्ट्या भक्ष्यात असते. त्यामुळे पेटी सुकवून टाकणे किंवा औषध फवारणे हे सहज सुचणारे दोन्ही उपाय बुरशीपेक्षा कोळ्यालाच अधिक घातक ठरतात.

पार्श्वभूमी

दमट पेटीची गरज असलेल्या कोळ्यांचे ठळक उदाहरण म्हणजे थेराफोसा ब्लाँडी. लात्रेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८०४ मध्ये वर्णन केलेला हा टॅरँट्युला वजनाच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठा कोळी मानला जातो. त्याचे वजन सुमारे १७० ग्रॅमपर्यंत भरते. व्हेनेझुएला, गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना व उत्तर ब्राझील येथील वर्षावनांत तो जमिनीतील बिळात राहतो.

वाळवंटी प्रदेशातील टॅरँट्युला कोरड्या मातीवर आणि पाण्याच्या एका वाटीवर सुखाने जगतो. थेराफोसाला ते साधत नाही. कात टाकताना जुन्या व नव्या कवचांच्या मध्ये द्रव असतो. शरीरातील पाणी अपुरे असल्यास पाय जुन्या कवचात अडकतात आणि कोळी पाय गमावतो किंवा मरतो. दुसरीकडे, टॅरँट्युलाचे श्वसन उदराच्या खालच्या बाजूस असलेल्या पुस्त-फुप्फुसांच्या दोन जोड्यांनी होते, आणि ही बाजू जमिनीला जवळजवळ टेकलेली असते. चिखल झालेल्या, हवा न खेळणाऱ्या पेटीत त्याची प्रकृती ढासळते. पाळणाऱ्याला या दोन टोकांच्या मधली वाट काढायची असते.

बुरशी

पेटीत दिसणारी पांढरी, हिरवट वा करडी बुरशी प्रामुख्याने पेनिसिलियम, ॲस्परजिलस, म्यूकर, ट्रायकोडर्मा या सर्वत्र आढळणाऱ्या प्रजातींची असते. ती मृतोपजीवी असून ताजे लाकूड, कोळ्याची विष्ठा आणि भक्ष्याचे अवशेष यांवर वाढते. जंगलात जिवंत कोळ्यांवर जगणाऱ्या गिबेलुलासारख्या बुरशा आहेत. परंतु पेटीतील लाकडावरचा पांढरा कापूस त्यांपैकी नव्हे. निरोगी कोळ्याला त्यापासून सहसा थेट अपाय होत नाही. मात्र वाढती बुरशी ही हवा कोंडल्याची खूण असते आणि ती तशीच वाचली पाहिजे. कुंडीत उगवते तशी पिवळी छत्रीही कधी मातीतून वर येते. ती उपटून टाकणे पुरेसे असते.

माती भट्टीत भाजून निर्जंतुक करण्याची प्रथा जुनी आहे. तिचा उपयोग अल्पकाळ टिकतो, कारण बीजाणू हवेतून पुन्हा येतात आणि प्रतिस्पर्धी नसलेल्या मातीत पहिल्या बुरशीला मोकळे रान मिळते.

माइट

माइट बहुधा भक्ष्याबरोबर घरात येतात. रातकिडे किंवा झुरळे पैदास करण्याच्या डब्यातील कोंडा व पीठ हे धान्यमाइटांचे आवडते खाद्य आहे. अर्धा मिलिमीटरही नसलेले हे पांढुरके जीव प्रथम उष्ट्या भक्ष्यावर दिसतात. उबदार दमट हवेत त्यांची पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. अन्न संपत आले की त्यांच्यापैकी काही जातींत एक विशेष अवस्था तयार होते. या अवस्थेतील माइट काही खात नाही, पोटाकडील चूषकांनी दुसऱ्या प्राण्याला चिकटतो आणि त्याच्यावर बसून नव्या जागी जातो. कोळ्याच्या मुखाभोवती, पायांच्या सांध्यांत आणि पुस्त-फुप्फुसांच्या फटींजवळ गर्दी झाली तर खाणे, चालणे व श्वसन यांत अडथळा येतो.

मातीत हिंडणारा प्रत्येक ठिपका मात्र शत्रू नसतो. ओल्या मातीत निरुपद्रवी माइटही असतात. स्पर्श होताच उडी मारणारे जीव माइट नसून स्प्रिंगटेल असतात. ठिपके मातीवर आहेत की कोळ्याच्या अंगाला घट्ट चिकटलेले आहेत, हे भिंगाने पाहूनच पुढचे पाऊल टाकावे.

प्रादुर्भाव खरा असल्यास कोळ्याला स्वच्छ पेटीत हलवून जुनी माती फेकून देतात व पेटी गरम पाण्याने धुतात. नव्या पेटीत काही दिवस तळ कोरडा ठेवून पाण्याची मोठी वाटी दिली जाते. माइटांच्या अंगावर मेणाचा पुरेसा थर नसल्याने ते कोरड्या हवेत तगत नाहीत, कोळी मात्र पाणी पिऊन तेवढे दिवस निभावतो. कात टाकण्याच्या बेतात असलेल्या कोळ्यावर हा प्रयोग करू नये. अंगावरचे माइट पेट्रोलियम जेली लावलेल्या बारीक कुंचल्याने टिपता येतात. श्वसनाच्या फटींना जेली लागू न देणे हे यातले मुख्य कसब होय.

कोळीनाशकांचा धोका

मराठी कृषिसाहित्यात माइटला ‘कोळी’ म्हणतात. मिरची, वांगी वा चहा यांवरील ‘लाल कोळी’ म्हणजे माइटच. त्याच्यावरील औषधाला ‘कोळीनाशक’ हे नाव आहे. शब्दाचा हा योगायोग येथे अक्षरशः खरा ठरतो. माइट आणि कोळी दोघेही ॲरॅक्निडा वर्गातील असल्याने माइटला मारून पाळीव कोळ्याला वाचवील असे सुरक्षित औषध उपलब्ध नाही. घरातील डासांची उदबत्ती, विजेवर तापवायची द्रव औषधे व झुरळांचे फवारे यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातील रसायने असतात. कोळ्याच्या खोलीत ती वापरू नयेत. कुत्र्याला गोचीडनाशक लावल्यानंतर त्याच हातांनी पेटी हाताळणेही टाळावे.

फोरिड माशी व सूत्रकृमी

कुबड असलेली, उडण्यापेक्षा झपाट्याने धावणारी दोन-तीन मिलिमीटरची माशी पेटीच्या काचेवर दिसली तर ती बहुधा फोरिड असते. मेगासेलिया स्केलॅरिस ही तिची सर्वांत परिचित जाती. तिच्या अळ्या कुजक्या भक्ष्यावर वाढतात आणि जखमी किंवा नुकतीच कात टाकलेल्या कोळ्याच्या मऊ शरीरातही शिरतात. हवेच्या छिद्रांवर अतिशय बारीक जाळी लावणे आणि मेलेले भक्ष्य त्याच दिवशी काढणे हा तिच्यावरचा भरवशाचा उपाय आहे. कुंडीतील मातीबरोबर येणारी काळी चिलटे तिच्यासारखी दिसली तरी त्यांचा उपद्रव किरकोळ असतो.

सूत्रकृमींची बाधा सर्वांत गंभीर आहे. कोळी खाणे सोडतो, पाण्याच्या वाटीजवळ सुस्त बसून राहतो आणि मुखाभोवती पांढरा चिकट थर जमतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी २०२२ मध्ये टॅरँट्युलावरील अशा एका नव्या जातीचे वर्णन केले. ‘अरॅक्नोफोबिया’ (१९९०) या चित्रपटातील अभिनेते जेफ डॅनियल्स यांच्यावरून तिला टॅरँटोबेलस जेफडॅनिएल्साय असे नाव दिले गेले. यावर सिद्ध औषध नाही. बाधित कोळ्याला तत्काळ वेगळे ठेवावे आणि त्याचे चिमटे, वाट्या इतरांसाठी वापरू नयेत.

हवा, पाणी व सफाई करणारे जीव

वरून रोज फवारा मारण्याऐवजी आठ-दहा दिवसांनी एका कोपऱ्यातून पाणी मुरवले तर तळाची माती ओली आणि वरचा थर कोरडा राहतो. बुरशीला वरची ओल लागते, बिळात राहणाऱ्या कोळ्याला खालची. छिद्रे केवळ झाकणात न ठेवता समोरासमोरच्या भिंतींत वेगवेगळ्या उंचीवर असली की हवा आरपार जाते.

स्प्रिंगटेल हे बुरशीचे तंतू व बीजाणू खातात, तर ट्रायकोऱ्हिना टोमेंटोसा हे छोटे पांढरे आयसोपॉड विष्ठा व कुजका पाला संपवतात. मोठ्या जातींचे आयसोपॉड भुकेले असताना कात टाकणाऱ्या कोळ्याला कुरतडू शकतात, म्हणून ते न सोडलेले बरे. हरितगृहांत वापरला जाणारा स्ट्रॅटिओलेलॅप्स सिमिटस हा शिकारी माइट धान्यमाइटांना खातो आणि भक्ष्य संपले की स्वतःही नाहीसा होतो. उष्टे न काढणाऱ्या पाळणाऱ्याची उणीव मात्र यांपैकी कोणताही जीव भरून काढत नाही.

भारतीय हवामान व कायदा

कोळीपालनावरील बहुतेक मार्गदर्शन युरोप व उत्तर अमेरिकेतील कोरड्या, कृत्रिम उष्णता दिलेल्या घरांसाठी लिहिलेले आहे. मुंबई, कोकण किंवा गोव्यात पावसाळ्यातील हवेची आर्द्रता मुळातच ८० टक्क्यांच्या वर असते. तेथे त्या सूचनांप्रमाणे पाणी घातल्यास आठवड्याभरात पेटी बुरशीने भरते. या चार महिन्यांत पाणी मुरवणे जवळजवळ बंद ठेवून खोलीतील हवा खेळती राखणे अधिक उपयोगी पडते.

पश्चिम घाटात आढळणारा पोएसिलोथेरिया रेगॅलिस झाडांच्या ढोलीत राहतो. त्यामुळे त्याला ओल्या मातीपेक्षा खेळती हवाच अधिक मानवते. पोएसिलोथेरिया प्रजातीचा समावेश २०१९ मध्ये साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला असून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. २०२२ मधील दुरुस्तीनंतर भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही साइट्सच्या यादीतील प्राणी बाळगण्याविषयी स्वतंत्र तरतुदी आल्या आहेत.