घरभाडे नियंत्रण, वऱ्हाडातील

राहत्या घराचे भाडे, त्याचा ताबा व भाडेकरूचे निष्कासन यांसंबंधी अमरावती, अकोला आदी वऱ्हाडातील जिल्ह्यांत वेळोवेळी लागू झालेली कायदेशीर व्यवस्था. भाडेपट्टा हा घरमालक व भाडेकरू यांच्यातील खाजगी करार होय. तथापि घरांची टंचाई असते, तेव्हा गरजू पक्षाचे करारस्वातंत्र्य नाममात्रच उरते. म्हणून भाड्याच्या दरावर व घर सोडावयास लावण्याच्या अधिकारावर शासनास निर्बंध घालावे लागतात. भाडे नियंत्रणाचे मूळ तत्त्व हेच आहे.

पार्श्वभूमी : १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांच्या बदल्यात हा प्रदेश कायमच्या पट्ट्याने ब्रिटिश सरकारने घेतला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या कारभारास जोडला. वऱ्हाडातील घरभाड्याचा कायदा पुढे मुंबई इलाख्याहून निराळा राहिला, त्याचे कारण या प्रशासकीय इतिहासात आहे. कापसाच्या व्यापारामुळे अमरावती व अकोला ही शहरे वाढली आणि सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने, पेढ्या, कचेऱ्या व शाळा यांमुळे भाड्याच्या घरांची मागणी वाढत गेली. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ या सर्वसाधारण कायद्यानुसार मासिक भाडेपट्टा पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपुष्टात आणता येतो व त्यासाठी घरमालकास कारण दाखवावे लागत नाही. टंचाईच्या काळात भाडेकरूस या तरतुदीचा आधार पुरेसा नव्हता.

१९४९ चा आदेश : दुसऱ्या महायुद्धात बांधकाम मंदावले व महागाई वाढली. युद्धकालीन संरक्षण नियमांची मुदत १९४६ मध्ये संपली. त्याच वर्षी मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने घरे भाड्याने देण्याच्या नियमनासाठी अधिनियम केला आणि त्याखाली ‘मध्य प्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देणे व भाडे नियंत्रण आदेश, १९४९’ काढण्यात आला. या आदेशातील तेरावे कलम सर्वांत महत्त्वाचे होते. त्यानुसार भाडे नियंत्रकाच्या लेखी पूर्वपरवानगीवाचून घरमालकास भाडेपट्टा संपविण्याची नोटीस देता येत नसे. तीन महिन्यांचे भाडे थकविणे, नेहमीच भाडे थकवीत राहणे, लेखी संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, घराची हानी करणे, शेजाऱ्यांस उपद्रव देणे, घरमालकास स्वतःसाठी घराची खरीखुरी गरज असणे इ. कारणांपैकी एखादे सिद्ध झाले, तरच परवानगी मिळे. नियंत्रकाच्या निर्णयाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्याकडे अपील करता येई. परवानगी मिळाल्यानंतर नोटीस देऊन दिवाणी न्यायालयात स्वतंत्र दावा लावावा लागे. अशा रीतीने एकाच घरासाठी प्रथम महसूल अधिकाऱ्यापुढे व नंतर न्यायालयापुढे झगडावे लागे. भाडेकरूस यामुळे दुहेरी संरक्षण लाभले; पण खरी गरज असलेल्या घरमालकास, विशेषतः एकाच घरावर अवलंबून असलेल्या वृद्धांस व विधवांस, हा विलंब जाचक ठरे.

घर रिकामे होणार असल्यास ते शासनास कळविणे, हेही या आदेशाने घरमालकावर बंधनकारक केले होते. शासकीय नोकर, फाळणीमुळे विस्थापित झालेल्या व्यक्ती इत्यादींना ते घर देवविण्याचा अधिकार प्रशासनास होता. ही सूचना न देता घर भाड्याने दिले, तरी तेवढ्यावरून मालक व भाडेकरू यांच्यातील करार निरर्थक ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दिला.

एकीकृत कायदा : १९५६ मध्ये वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले, तरी १९४९ चा आदेश कायम राहिला. परिणामी पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबईचा अधिनियम, मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा अधिनियम व विदर्भात हा आदेश, असे तीन कायदे एकाच राज्यात चार दशके नांदले. ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ हा ३१ मार्च २००० रोजी अंमलात आला व हे तिन्ही रद्द झाले. प्रलंबित प्रकरणे मात्र जुन्या कायद्यानेच चालू राहिली.

विदर्भात नियंत्रकाच्या पूर्वपरवानगीचा टप्पा यामुळे संपला व ताब्याचा दावा थेट न्यायालयात दाखल होऊ लागला. थकबाकीच्या दाव्यापूर्वी ९० दिवसांची लेखी नोटीस आवश्यक असते. भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ करता येते. स्वतःच्या गरजेसाठी घर मागितल्यास कोणाची अडचण अधिक आहे, याचा विचार न्यायालय करते. त्या कारणाने मिळविलेले घर वर्षाच्या आत दुसऱ्यास भाड्याने दिल्यास पूर्वीच्या भाडेकरूस ते परत मागता येते. प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांचा करार करण्याची रूढी आहे. पण या तरतुदीमुळे असा करारही नोंदणीतून सुटत नाही.

ग्रामीण व औद्योगिक भाग : हा अधिनियम अनुसूचीत नमूद केलेल्या वा अधिसूचनेने समाविष्ट केलेल्या क्षेत्रांपुरताच लागू होतो, अन्यत्र १८८२ चा अधिनियमच प्रमाण असतो. शहरालगतच्या गावांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. अमरावती–नागपूर महामार्गावरील नांदगाव पेठ हे याचे उदाहरण होय. येथील औद्योगिक वसाहत व औष्णिक वीजकेंद्र यांमुळे गावास शेतीबाहेरील रोजगाराची जोड मिळाली असून २०२४ मध्ये येथील वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. अशा ठिकाणी बाहेरगावचे कामगार खोल्या घेऊन राहतात आणि भाडे बहुधा तोंडी बोलीवर ठरते. गाव अधिसूचित क्षेत्रात नसेल, तर अशा भाडेकरूचे संरक्षण पंधरा दिवसांच्या नोटिशीपुरतेच उरते.

मूल्यमापन : नियंत्रणामुळे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांस स्थैर्य लाभले. उलट, गोठलेल्या भाड्यामुळे दुरुस्ती रखडली, जुने वाडे मोडकळीस आले आणि रिकामी घरे भाड्याने देण्यास मालक कचरू लागले. केंद्र शासनाने २०२१ मध्ये आदर्श भाडेदारी अधिनियमाचा नमुना राज्यांपुढे ठेवला. तो आपोआप बंधनकारक होत नाही. नव्या घरांचा पुरवठा वाढल्याशिवाय केवळ कायद्याने हा प्रश्न सुटत नाही, हे वऱ्हाडच्या अनुभवावरूनही दिसून येते.