लीडा, जकात आणि मोरचुदाचे पाणी

स्पार्टाची राणी लीडा हिच्यावर देवाधिदेव झ्यूस भाळला आणि हंसाचे रूप घेऊन तिच्याजवळ आला, ही ग्रीक पुराणातील कथा पुष्कळांच्या कानावर असेल. युरोपच्या कलावंतांनी ती शतकानुशतके रंगविली. बाई निराळी, हंस निराळा. रुमानियात जन्मून पॅरिसात राहिलेल्या कॉन्स्टंटिन ब्रांकुशीने १९२० साली संगमरवरात आणि १९२६ साली कांशात जी लीडा केली, तीत ना बाई दिसते, ना हंस. एक गरगरीत अंडाकृती देह आणि त्यातून तिरपा वर निघालेला भाग, एवढेच. रूप पालटते ते देवाचे नव्हे, लीडेचेच, असे त्याचे म्हणणे होते.

कांशाची लीडा त्याने आरशासारखी घासली आणि फिरत्या तबकडीवर बसविली. ती फिरू लागली की भोवतालच्या वस्तू तिच्या अंगावरून सरकतात आणि तिचा आकार डोळ्यांत ठरत नाही. रूपांतराची कथा अवयवांनी न सांगता धातूच्या झळाळीने सांगितली, हे आमच्या मते त्याचे खरे धाडस.

पण अशी चकचकीत कामे जगाला कशी दिसली? १९२६ साली त्याचा 'अवकाशातील पक्षी' न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. कलाकृतींना जकात माफ होती. पण अधिकाऱ्यांना त्यात पक्षी दिसेना. त्यांनी तो स्वयंपाकाची भांडी आणि इस्पितळाचे सामान यांच्या सदरात घातला आणि चाळीस टक्के जकात आकारली. (हसण्यापूर्वी विचार करावा, आपण त्या जागी काय केले असते?) प्रकरण कोर्टात गेले. चांगला कारागीर ही वस्तू करू शकणार नाही काय, असा सरकारपक्षाचा रोख होता. शिल्पकार जेकब एप्स्टाइन याच्या साक्षीचा आशय असा की, कारागीर ती घासून देईल, पण ती त्याला सुचणार नाही. २६ नोव्हेंबर १९२८ रोजी निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. पुढे असे तीन पक्षी इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी घेतले. त्यांच्यासाठी ध्यानमंदिर उभारण्याच्या विचाराने ब्रांकुशी १९३७-३८ च्या हिवाळ्यात इंदूरला येऊनही गेला. ते मंदिर झाले नाही.

तोच प्रश्न आज पुन्हा दारात आला आहे, आणि या वेळी अधिक अवघड होऊन. आता ग्रीक कथेवरची अमूर्त आकृती संगणकावर रचता येते आणि यंत्र ती राळेच्या थरांवर थर चढवून घडविते. या तंत्राचे चार्ल्स हल यांचे पेटंट १९८६ चे. राळेतून वीज वाहत नाही. म्हणून तिला रुप्याच्या किंवा ग्राफाइटच्या भुकटीचा लेप देतात, मोरचुदाच्या द्रावात बुडवून तांबे चढवितात आणि त्यावर निकेल. हा शेवटचा भाग मात्र जुनाच. पीटर्सबर्गमध्ये याकोबीने विजेने तांबे जमविण्याची युक्ती १८३८ साली दाखविली आणि बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनांनी सोन्यारुप्याच्या मुलाम्याचे पेटंट १८४० साली घेतले.

मग हाताला काम उरले कोठे? येथेच गंमत आहे. मुलामा दोष झाकीत नाही, तो उजळून दाखवितो. राळेच्या थरांची एक पायरी जरी राहिली तरी निकेल चढल्यावर ती ओरखड्यासारखी चमकते. शिवाय वीज टोकांवर व कडांवर गोळा होते, खोबणीत तिचा हात आखडता असतो. म्हणजे लीडेच्या निमुळत्या टोकावर जाड थर आणि मानेखालच्या वळणात जेमतेम पापुद्रा! कल्हईवाला कथील लावण्याआधी भांडे पायाखाली घेऊन वाळूने घासघास घासतो, ते पाहिलेल्यांना हे नवे वाटणार नाही. संगणकावर रचलेली मूर्तीसुद्धा द्रावात सोडण्यापूर्वी कोणीतरी पॉलिश कागद घेऊन, तासन् तास, बोटांनी चाचपत घासत बसलेले असते.