आवाज-साधना आणि वाचोपचार

आवाज-साधना म्हणजे गायन, अभिनय, निवेदन, अध्यापन अशा कामांसाठी आवाज जाणीवपूर्वक घडविण्याची व टिकविण्याची विद्या होय. वाचोपचार (वाक्-भाषा चिकित्सा) म्हणजे बोलणे, भाषा, आवाज व गिळणे यांतील दोषांचे निदान आणि उपचार करणारे आरोग्यशास्त्र होय. पहिली विद्या कलावंतांच्या परंपरेतून आली, दुसरे शास्त्र रुग्णालयातून वाढले. दोघांचा विषय मात्र एकच, मनुष्याचा कंठ. त्यामुळे ध्वनिमुद्रणगृहात पात्रांना आवाज देणारी आणि त्याच वेळी चिकित्सालयात वाचोपचार करणारी व्यक्ती वरकरणी दोन भिन्न व्यवसाय करीत असली, तरी प्रत्यक्षात एकाच विषयाच्या दोन बाजू हाताळत असते.

पूर्वपीठिका

भारतीय परंपरेत उच्चाराचा विचार फार प्राचीन आहे. वेदांगांपैकी 'शिक्षा' हे अंग सर्वस्वी उच्चारणालाच वाहिलेले आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही मराठी वर्णमालेची मांडणी म्हणजे घशापासून ओठांपर्यंतचा नकाशाच होय. मुलाच्या तोंडी 'क'च्या जागी 'त' येत असेल, तर जीभ कंठस्थानाऐवजी दंतस्थानी टेकते आहे, हे त्या नकाशावरून तत्काळ सांगता येते. पहिलीच्या वर्गात पाठ करून घेतली जाणारी ही मांडणी किती शास्त्रशुद्ध आहे, हे शिकणाऱ्याला बहुधा कधी सांगितले जात नाही.

आधुनिक काळात स्वरयंत्राच्या अभ्यासाला चालना दिली ती वैद्याने नव्हे, तर गायनशिक्षकाने. मॅन्युएल गार्सिया (१८०५–१९०६) यांनी १८५४ मध्ये छोटा आरसा व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःच्याच स्वरतंतूंचे कंपन पाहिले आणि पुढील वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचे निवेदन मांडले. स्वरयंत्र-परीक्षणाचे वैद्यकीय तंत्र त्यानंतर विकसित झाले. इंग्लंडमध्ये एल्सी फोगर्टी (१८६५–१९४५) यांनी १९०६ मध्ये नाट्य व वाणी प्रशिक्षणाची संस्था स्थापन केली. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यासारखे नट त्यांच्या हाताखाली शिकले. त्याच बाईंनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात वाचादोष असणाऱ्यांसाठी उपचारकेंद्रही चालविले. राजा सहावा जॉर्ज याच्या तोतरेपणावर उपचार करणारे लायोनेल लॉग (१८८०–१९५३) हेदेखील मुळात वक्तृत्वशिक्षक व हौशी नट होते, त्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. रंगभूमीचा व चिकित्सेचा संबंध असा आरंभापासूनच आहे.

महाराष्ट्रातील परंपरा

महाराष्ट्रात या विद्येचा शास्त्रीय पाया घालण्याचे श्रेय प्रा. बा. र. देवधर (१९०१–१९९०) यांच्याकडे जाते. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य असलेल्या देवधरांनी १९२५ मध्ये मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक सुरू केले. गळा बिघडलेल्या गायकाला विश्रांती आणि घरगुती काढा यांपलीकडे फारसे काही सुचविले जात नसे, अशा काळात त्यांनी पाश्चात्त्य कंठशास्त्राचा अभ्यास करून त्याची हिंदुस्थानी गायकीशी सांगड घातली. 'आवाज साधना शास्त्र' हे त्यांचे पुस्तक याच विषयावर आहे.

देवधरांचे शिष्य डॉ. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी ही विद्या गायनाच्या कक्षेबाहेर नेली. नट, वक्ते, निवेदक या सर्वांच्या आवाजाचा विचार त्यांनी एकत्रित केला. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते संचालक होते. व्यासपीठावरील व रंगपीठावरील बोलण्याचा विचार त्यांनी 'भाषणरंग' या ग्रंथात केला. अभ्यासक, संगीतकार व आवाजाचे शिक्षक अशा तिन्ही नात्यांनी त्यांनी काम केले. या क्षेत्रात मराठीला लाभलेला असा दुसरा अधिकारी अभ्यासक दाखविणे कठीण आहे.

केवळ आवाजाच्या बळावर पात्र उभे करण्याची कला महाराष्ट्रात प्रामुख्याने आकाशवाणीने रुजविली. मुंबई केंद्रावरील 'प्रपंच' व 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकांमधील मीनावहिनी (नीलम प्रभू, पुढे करुणा देव), टेकाडे भावजी (प्रभाकर जोशी) आणि पंत (बाळ कुडतरकर) ही पात्रे श्रोत्यांनी कधी पाहिली नव्हती, तरी ती घरातील माणसांइतकी परिचित झाली. पुढे व्यंग्यचित्रपट, परभाषिक चित्रपट व जाहिराती यांचे भाषांतरित ध्वनिमुद्रण, म्हणजेच डबिंग, वाढत गेले आणि मुंबई हे त्याचे प्रमुख केंद्र झाले.

आवाजावरील ताण

बोलताना प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण ११० ते १३० वेळा, तर स्त्रीचे सुमारे २०० वेळा एकमेकांवर आदळतात. म्हणजे एखाद्या कलावतीने सलग अर्धा तास आवाज दिला, तर तिचे स्वरतंतू साडेतीन लाखांहून अधिक वेळा आदळतात. व्यंग्यपटांतील लहान मुलांची पात्रे बहुधा प्रौढ स्त्रियाच रंगवितात. त्यासाठी स्वरयंत्र वर उचलून घशाची पोकळी आखूड करावी लागते. किंचाळणे, डरकाळी, रडणे, खोकल्यासह बोलणे हे प्रकार त्याहून अधिक घातक ठरतात. म्हणून जाणते ध्वनिमुद्रक आरडाओरड्याचे प्रसंग दिवसाच्या अखेरीस घेतात. एकदा घसा बसला की त्या दिवशी मृदू संवाद पुन्हा मिळत नाहीत.

अतिवापराने स्वरतंतूंच्या कडेवर समोरासमोर लहान गाठी येतात. आवाज घोगरा होतो, वरच्या पट्टीतील स्वर निसटतात, बोलता बोलता धाप लागते. गायक व आवाज देणारे कलाकार यांना हा दोष लवकर जाणवतो, कारण त्यांची भाकरीच त्यावर असते. मात्र अशा रुग्णांत फार मोठा वाटा शिक्षकांचा असतो. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात, रस्त्यालगतच्या खिडकीशी, फळ्याकडे तोंड करून दिवसाला पाच-सहा तास बोलणारी शिक्षिका ही कोणत्याही पार्श्वगायिकेइतकीच आवाजावर जगणारी व्यक्ती आहे. तिचा घसा बसणे हा मात्र नोकरीचाच एक भाग मानला जातो. कीर्तनकार, भाजीविक्रेते, बसवाहक यांची स्थितीही वेगळी नाही.

उपचाराचे स्वरूप

घोगरेपणा तीन-चार आठवड्यांहून अधिक टिकल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्राची तपासणी आवश्यक ठरते. तंबाखूचे सेवन करणाऱ्यांत हे कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते, म्हणून तेथे विलंब करू नये. गाठी साध्या असल्यास प्रथम उपचार शस्त्रक्रियेचा नसून वाचोपचाराचा असतो. पुरेसे पाणी, घसा खाकरण्याच्या सवयीला आळा, श्वासाचा योग्य आधार आणि बोलण्यात विश्रांतीच्या जागा, या गोष्टी प्रथम शिकविल्या जातात. पेयाच्या बारीक नळीतून स्वर काढण्याचा व्यायाम दिसायला पोरखेळ वाटतो, परंतु त्यामुळे नळीतील दाब स्वरतंतूंना कमी आघातात कंप पावण्यास मदत करतो. घसा बसल्यावर कुजबुजत बोलणे ही विश्रांती होय, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे, कारण अनेकांच्या बाबतीत कुजबुजण्यानेही स्वरयंत्रावर ताणच पडतो.

वयात आल्यावरही मुलाचा आवाज बालवत राहिल्यास कुटुंबाला व मुलाला मोठा संकोच सोसावा लागतो. अशा तरुणाचे स्वरयंत्र बहुधा निर्दोष असते आणि थोड्या बैठकांत त्याला खालचा, प्रौढ स्वर गवसू शकतो. अर्धांगवायूनंतर वाणी गेलेल्यांना शब्द परत मिळवून देणे, फाटलेल्या टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर मुलाला उच्चार शिकविणे, कर्करोगामुळे स्वरयंत्र काढलेल्या रुग्णाला अन्ननलिकेतून वा कृत्रिम झडपेच्या साहाय्याने बोलते करणे, ही कामेही याच शास्त्राच्या कक्षेत येतात.

आवाज-अभिनयाचा अनुभव येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो. जी व्यक्ती इच्छेनुसार आवाज जाड, चिरका, नाकातला वा दमलेला करू शकते, तिला रुग्णाच्या आवाजात नेमके काय घडते आहे ते स्वतःच्या कंठात अनुभवता येते. बोलण्यास बुजणारे मूल बाहुलीच्या वा प्राण्याच्या आवाजाशी चटकन संवाद साधते. उलटपक्षी, शरीररचनेचे ज्ञान असलेली कलावती कोणता आवाज किती काळ काढणे सुरक्षित आहे हे जाणते आणि प्रसंगी निर्मात्याला नकारही देऊ शकते.

मराठीतील विशेष प्रश्न

मराठीत 'च', 'ज', 'झ' यांचे तालव्य व दंततालव्य असे दोन उच्चार आहेत, पण लिपीत त्यांना वेगळी चिन्हे नाहीत. 'चार' व 'चारा' यांतील 'च' निरनिराळा आहे. 'थोडे' या अर्थाचा 'जरा' आणि 'वार्धक्य' या अर्थाचा 'जरा' यांचेही तसेच. हिंदीच्या सवयीने मराठी संहिता वाचणाऱ्या डबिंग कलाकारांकडून येथे हमखास चुका होतात. 'र' व 'ळ' हे ध्वनी मुलांच्या तोंडी उशिरा बसतात, त्यामुळे लहान वयात ते न येणे हा दोष मानला जात नाही.

बोली व दोष यांतील भेद ओळखणे अधिक महत्त्वाचे आहे. मराठवाड्यात 'पाणी', 'आणि' हे शब्द 'पानी', 'आनि' असे उच्चारणारे मूल आपली घरची भाषा अचूक बोलत असते. छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेकडील पडेगावसारख्या वस्तीत मराठी, दखनी उर्दू व हिंदी एकाच गल्लीत कानावर पडतात. तेथील मुलाच्या मिश्र बोलण्याला वाचादोष ठरविणे अज्ञानाचे ठरेल. 'अशुद्ध' म्हणून हिणविल्या गेलेल्या मुलांपैकी कित्येक मुले वर्गात कायमची गप्प झाली आहेत. खरा तोतरेपणा वा भाषाविकासातील विलंब मात्र त्याच गप्पपणाआड दडून राहू शकतो. परीक्षण मातृभाषेत व मातृबोलीत व्हावे, ही अपेक्षा यातूनच येते.

शिक्षण व नोंदणी

भारतात या शास्त्राचे पदवी शिक्षण १९६० च्या दशकात सुरू झाले. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था त्याच दशकातील आहे. मुंबईत बांद्रा येथे १९८३ मध्ये राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. महाराष्ट्राचे राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव तिला देण्यात आले आहे. पदवी अभ्यासक्रम आंतरवासितेसह चार वर्षांचा असून त्यात श्रवणशास्त्र व वाचोपचार दोन्ही शिकविले जातात. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार व्यवसायासाठी परिषदेकडे नोंदणी आवश्यक ठरते. आवाज देण्याच्या व्यवसायाला असे कोणतेही बंधन नाही. 'आवाज-प्रशिक्षक' ही पाटी कोणीही लावू शकतो, म्हणून दुखणारा घसा घेऊन जाणाऱ्याने समोरील व्यक्तीचा नोंदणी क्रमांक विचारणे श्रेयस्कर.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (२०१३) अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत व शाळेत केली जाते. ऐकण्याचे व बोलण्याचे दोष आढळल्यास मुलास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची त्यात तरतूद आहे. १६ एप्रिल हा दिवस जागतिक आवाज दिन म्हणून पाळला जातो. त्याचा आरंभ १९९९ मध्ये ब्राझीलमध्ये झाला.