शिवणकामवाली बाई आणि आमची वंशावळ

दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा काकांनी आमच्या कुळाची वंशावळ काढून दाखवली. सात पिढ्या, सगळे पुरुष. एकाही लेकीसुनेचं नाव नाही. कोण कशाने गेलं हेही नाही. परतताना एसटीत एक जुनी गोष्ट डोक्यात घोळत राहिली.

१८९५ साल. अमेरिकेतल्या मिशिगनमधलं ॲन आर्बर गाव. तिथल्या विद्यापीठात ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई एकदा फार खिन्न दिसली, म्हणून त्यांनी विचारपूस केली. ती म्हणाली, मी लवकरच मरणार. पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने. आमच्यात बरेच जण तसेच गेलेत. पुढे ती खरंच तरुणपणी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली.

दुसऱ्या कुणी 'मनाला लावून घेऊ नका' म्हणून विषय संपवला असता. वॉर्थिननी तिच्या घराण्याची माहिती जमवली आणि १९१३ मध्ये छापली. जर्मनीहून आलेलं हे घराणं 'फॅमिली जी' या नावाने ओळखलं जातं. पण वॉर्थिन अशा घराण्यांची वीणच थांबवावी म्हणणाऱ्या सुप्रजननवाद्यांकडे झुकलेले होते. तो वाद पुढे बदनाम झाला, आणि कॅन्सरचं कारण बाहेरच शोधायचं हेच बहुतेकांना पटत राहिलं.

१९६२ च्या सुमारास ओमाहात हेन्री लिंच या तरुण डॉक्टरला एका दारुड्या पेशंटने सांगितलं, घरातले सगळे आतड्याच्या कॅन्सरने गेले, मीही जाणार, म्हणून पितो. पुन्हा तेच! लिंचनी घराणी गोळा करायला सुरुवात केली, १९६६ मध्ये लेख लिहिला, १९७१ मध्ये 'फॅमिली जी'ची माहितीही नव्याने मांडली. तरी अनेक वर्षं त्यांना संशोधनासाठी पैसे नाकारले जात होते.

१९९३-९४ मध्ये जनुकं सापडली, एमएसएच२ आणि एमएलएच१. पेशी दुभागताना डीएनएची नक्कल होते, तिच्यात चुका राहतात. ही जनुकं म्हणजे मुद्रितशोधक. त्यांची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असली आणि एखाद्या पेशीत दुसरीही गेली, की चुका साचत जातात. २००० मध्ये 'फॅमिली जी'चा दोष एमएसएच२ मध्येच असल्याचं दिसलं. शिवणकामवाली बाई बरोबर होती, शंभर वर्षं आधी.

बहुतेक कॅन्सर असे वारशाने येत नाहीत. आईकडून किंवा वडिलांकडून हा दोष मुलाला वा मुलीला मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि मिळाला तरी कॅन्सर होणारच असं नाही, धोका मात्र खूप वाढतो. पण माहीत असेल तर ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करून गाठी वेळीच काढता येतात. त्या बाईला हे मिळालं नाही.

आमच्या आजीच्या दोन बहिणी 'पोटाच्या दुखण्याने' गेल्या, एवढंच घरात बोललं जातं. कदाचित काहीच नसेल. पण त्या वंशावळीत त्यांना जागाच नाही, त्यांच्या मुलींनाही नाही. म्हणून मी वही घातली आहे: नातं, आजार, कितव्या वर्षी. लेकी-सुना, माहेर-सासर सगळं धरून.

तेव्हा आत्या, मावशी, माझा फोन येईल. 'नको ते उकरू नकोस' म्हणू नका. आठवेल तेवढं सांगा.