सलोखा आणि संमति

तंटा मिटविणें आणि तंट्याचा निकाल लावणें या दोन गोष्टी आपण बोलतांना एकच समजतों. परंतु कायद्याच्या दृष्टीनें त्या अगदीं भिन्न आहेत. न्यायाधीश निकाल देतो. लवादही निकालच देतो, भेद इतकाच कीं त्याची निवड पक्षकार करतात. सलोखा करणाराच्या हातीं मात्र निकालाचा अधिकारच नसतो. तो उभयतांस एकत्र बसवितो, गैरसमज दूर करतो, तडजोडीची वाट सुचवितो. ती पत्करावी कीं नाहीं, हें सर्वस्वीं पक्षकारांच्या मर्जीवर. निवाड्याचें बळ अधिकारांत, तर सलोख्याचें बळ संमतींत. मग ही संमति खरी केव्हां समजावी? या प्रश्नाचें उत्तर आपल्याच दक्षिणेच्या इतिहासांत सांपडतें.

पेशवाईंतील पंचायत पुष्कळांस सलोख्याचा नमुना वाटते. वस्तुतः ती लवादाच्या अधिक जवळची होती. पंचांचा निर्णय मान्य करूं असा राजीनामा उभय पक्ष आधीं लिहून देत, आणि मग पंच निवाडा करीत. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालच्या आपल्या अहवालांत या पद्धतीचे दोष झांकले नाहींत. तरीही लोकांस ती आपली वाटते, हें ओळखून ती टिकवावी असें त्याचें मत पडलें. पण इंग्रजी न्यायालयांचा जम बसला तसतशी पंचायत मागें पडली. निरक्षर कुणब्याला त्या न्यायालयांतील भाषा कळेना, खर्च झेपेना. तो हजरच राहात नसे, आणि सावकारास एकतर्फी हुकूमनामा मिळे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंग्याचा जो वणवा पेटला, त्यांत लोकांचा मुख्य रोख सावकाराच्या देहावर नव्हता. तो त्याच्या दप्तरांतील कर्जरोख्यांवर होता.

याच सुमारास सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनीं पुण्यांत लवाद कोर्टाची चळवळ चालविली. सरकारनें दंग्याच्या चौकशीसाठीं कमिशन नेमलें, आणि १८७९ सालीं ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ हा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं तो प्रथम होता. सलोखा करणारे अधिकृतपणें नेमण्याची तरतूद त्यांत होती. आणि जेथें असा मनुष्य नेमलेला असे, तेथें त्याचा दाखला आणल्यावांचून शेतकऱ्याशीं संबंध असलेला दावा न्यायालयांत दाखलच होत नसे.

हेतु उत्तम होता. पण कायद्याची रचना पाहा. न्यायालयांत प्रकरण गेलें तर न्यायाधीशानें केवळ रोख्यावर विसंबूं नये, व्यवहाराच्या आरंभापासून हिशेब पाहावा, मुद्दल किती व व्याज किती हें निवडून काढावें, अशी या कायद्याची आज्ञा होती. उलट, सलोखा करणाऱ्यापुढें झालेला कबुलीचा लेख न्यायालयांत दाखल झाला म्हणजे त्यास हुकूमनाम्याचें बळ येई. म्हणजे कुळाचें खरें संरक्षण न्यायालयांत, आणि त्याला आधीं जावें लागे तें सलोख्याच्या दारीं! तेथें ‘कबूल आहे’ एवढे दोन शब्द उच्चारले कीं जुन्या हिशेबाची दारें बंद. पुढील पेरणीच्या बियाण्यासाठीं ज्याला त्याच सावकाराकडे जावयाचें आहे, तो कुणबी ‘कबूल नाहीं’ असें कोणत्या तोंडानें म्हणणार?

यांत सलोखा करणारांनाच दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. सामर्थ्यवान आणि गांजलेला यांना एका सतरंजीवर बसविल्यानें ते समान होत नाहींत. जेथें नकार देण्याची सोय नाहीं, तेथें होकाराला संमति म्हणतां येत नाहीं; ती शरणागति होय. न्यायालयाचा मार्ग उघडा व सुलभ असेल, तरच सलोख्याला अर्थ राहतो. न्यायालय दुर्बळ झालें म्हणजे सलोखा बळावतो ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

ही शिकवण अद्यापि जुनी झालेली नाहीं. १९९६ च्या लवाद व सलोखा कायद्यानें सलोख्याचा आरंभ दुसऱ्या पक्षाच्या स्वीकृतीवर ठेविला, बोलणीं गुप्त राखण्याचें बंधन घातलें, आणि सलोखा करणारानेंच पुढें त्या वादांत लवाद होऊं नये असा सामान्य नियम केला. २०२१ च्या मध्यस्थी विधेयकांत दाव्यापूर्वीं मध्यस्थी सक्तीची करण्याचा विचार होता. २०२३ च्या कायद्यानें, कांहीं व्यापारी दाव्यांचा अपवाद वगळतां, ती ऐच्छिक ठेविली. न्यायालयांतील दाव्यांची रास पाहून सक्तीचा मोह पुन्हां होईल. तेव्हां विधिमंडळानें किती तंटे मिटले एवढेंच मोजूं नये. मिटवितांना दुर्बळाला ‘नाहीं’ म्हणतां आलें काय, हेंही विचारावें.