शब्दवेध : कॅरोल आणि नाताळ

डिसेंबर सरत आला, की ठाण्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांत गिटार घेतलेली मंडळी दारोदार गात निघतात. ज्याच्या घरी मैफल थांबते, तो केक आणि नेवऱ्यांचं ताट पुढे करतो. या गाण्यांना म्हणतात ‘कॅरोल’.

शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. तिथे त्याचा अर्थ, एकमेकांचे हात धरून, फेर धरून गात केलेला नाच. थोडक्यात, आपला भोंडलाच. फक्त मधोमध पाटावर हत्ती नाही आणि खिरापत ओळखायची अट नाही. नाताळशी त्याची गाठ नंतर पडली. मग नाच सुटला, गाणं उरलं.

‘नाताळ’ मात्र थेट पोर्तुगीजांकडचा. त्यांचा ‘नाताल’ लॅटिन ‘नातालिस’वरून आला, म्हणजे जन्मासंबंधीचा. १७३७मध्ये मराठ्यांनी ठाणं जिंकलं, पोर्तुगीज गेले; शब्द राहिला, पाव, पगार, चावी आणि बटाट्यासारखाच.

१४९७च्या नाताळात वास्को द गामाला आफ्रिकेचा एक किनारा दिसला, त्यालाही हेच नाव मिळालं. गांधीजींनी १८९४मध्ये स्थापलेल्या ‘नाताळ इंडियन काँग्रेस’मधला नाताळ तो हाच.