तडवळ्याची परिषद

नागरी हक्कांचा विषय निघाला, की आपली सुशिक्षित मंडळी चटकन् अमेरिकेकडे पाहतात. १९५५ साली माँटगोमेरीच्या काळ्या नागरिकांनी शहरबसवर बहिष्कार घातला आणि ३८१ दिवस तो निभावला. त्या धैर्यापुढे मीही मान लववितो. परंतु आमच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे मला अधिक जवळचे वाटते.

२२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी तेथे महार-मांग वतनदार परिषद भरली. तीस स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. वतनदार म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे वाडा आणि पागोटे उभे राहते. हे वतन निराळे! जमिनीचा तुकडा, बलुत्याचे चार दाणे, आणि त्यापोटी गावाची नि सरकारची रात्रंदिवस चाकरी. जमीन सोडावी तर पोट जाते, धरावी तर मान जाते, असा तो पेच. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात वतनसुधारणेचे विधेयक मांडले होते. कनिष्ठ वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ मध्ये झाला. तो पाहावयास ते राहिले नव्हते.

१९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याचे नाव १९७६ मध्ये ‘नागरी हक्क संरक्षण कायदा’ असे झाले. हा बदल मला मोलाचा वाटतो. दया देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्क ज्याचा त्याचा असतो.

वाचकहो, कायदा वेशीपर्यंत येतो, उंबरठा आपल्यालाच ओलांडावा लागतो. यंदा फराळाचे ताट कोणकोणत्या घरी जाते, एवढे तरी आपण पाहू या.